आईवडिलांच्या ग्रीन कार्डचे ‘फुल पॅकेज’: नाशिकमध्ये कशाला पैसे द्यावेत आणि कशाला नाही

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या परदेशी शिक्षणवाल्या कन्सल्टन्सींच्या पाट्यांवर आता ‘पेरेंट्स ग्रीन कार्ड’ ही ओळही दिसते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की आईवडिलांची फाइल लावायची, आणि ती ‘फॉर्मपासून इंटरव्ह्यूपर्यंत’ आम्ही बघू, असा हा सौदा. या परीक्षणात कुठल्या एका दुकानाचे नाव नाही. पॅकेजात जे दिले जाते त्यातले एकेक काम घेऊन ते पैसे देण्याजोगे आहे का, एवढेच पाहिले आहे. आमचे मत आधीच सांगतो. एजंट सगळ्यात जास्त पैसे फॉर्म भरण्याचे घेतात, आणि ते काम सगळ्यात सोपे. खरी दमछाक होते ती महापालिका, ग्रामपंचायत आणि तहसीलमधले जुने दाखले काढताना, आणि तिथेच पॅकेज हात वर करते.

आधी पात्रता, कारण इथेच काही जणांचे पैसे वाया जातात. आईवडिलांसाठी आय-१३० ही याचिका फक्त अमेरिकन नागरिक असलेले, वय वर्षे २१ पूर्ण झालेले अपत्यच करू शकते. मुलाकडे नुसते ग्रीन कार्ड असेल तर आईवडिलांची फाइल लागत नाही, आणि ‘आत्ता भरून ठेवू, तो नागरिक होईलच’ असे सांगणाऱ्याकडून उठून यावे. या प्रकाराला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावाबहिणींच्या फाइलसारखी वर्षानुवर्षांची रांग नसते. पण आई आणि वडील यांची याचिका वेगवेगळी, आणि कोणाच्याही फाइलवर दुसरे कोणी येत नाही. वडिलांच्या याचिकेत आई आपोआप बसत नाही, धाकटी अविवाहित बहीण तर नाहीच.

सरकारी फीचा हिशेब एजंटाने तोंडी सांगितलेला धरू नये. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे आय-१३० ऑनलाइन भरल्यास ६२५ डॉलर, कागदावर ६७५. याचिका मंजूर झाली की नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे एनव्हीसी, व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीपत्र तपासण्याचे १२० डॉलर मागते. व्हिसा लागल्यावर इमिग्रंट फी २३५. एका माणसामागे ऑनलाइन मार्गाने १,३०५ डॉलर झाले, आणि मेडिकल व मुंबईचा खर्च यात नाही. ही सगळी फी अमेरिकेतला मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या खात्यातून सरकारी संकेतस्थळावर भरू शकते. म्हणून कोटेशनमध्ये ‘सरकारी फी अधिक सर्व्हिस चार्ज’ असा एकच गोळा आकडा दिसला तर तो फोडून लिहून मागावा. फोडून देत नसतील तर तिथेच उत्तर मिळाले.

आय-१३० भरणे हे पॅकेजातले सर्वांत फुगवलेले काम. फॉर्म मुलानेच, स्वतःच्या ऑनलाइन खात्यातून भरावा. आईसाठी लागतात मुलाचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट आणि आईचे नाव असलेला मुलाचा जन्मदाखला. वडिलांसाठी याच्या जोडीला आईवडिलांच्या विवाहाचा दाखला. याचिका मुलीने केली असेल आणि लग्नानंतर तिचे नाव बदलले असेल तर तिचाही विवाहदाखला, कारण जन्मदाखल्यावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव यांत पूल लागतो. बस्स. कुटुंबाचे फोटो, व्हॉट्सॅपचे संभाषण, आय-१३०ए हा जोडफॉर्म हे सगळे नवराबायकोच्या फाइलचे सामान आहे. आईवडिलांच्या फाइलसाठी कोणी लग्नाचा अल्बम मागत असेल तर तो दुसऱ्या प्रकारची फाइल गिरवतो आहे. शिवाय इथला एजंट अमेरिकेतला वकील नसतो. अमेरिकन इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला देण्याचा आणि अर्जदाराच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक वकिलाला किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीलाच आहे. पूर्वी कधी व्हिसा संपल्यावर तिथे राहणे झाले असेल, खोटी माहिती दिली गेली असेल, पोलिस केस असेल, तर पॅकेजाचा विचारही करू नये. सरळ वकील गाठावा.

आता कागदांकडे. मंजुरीला साधारण वर्ष किंवा त्याहून अधिक लागते, आणि हा वेळ दाखले गोळा करण्यासाठीच आहे असे समजून पहिल्या दिवसापासून लागावे.

जन्मदाखल्याची अडचण जवळजवळ घरटी असते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, अंमल १९७० पासून. आज साठी-सत्तरीत असलेल्यांचा जन्म त्याआधीचा. शोध कुठे घ्यायचा हेच बहुतेकांचे चुकते. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपली रीत, त्यामुळे वडिलांची नोंद त्यांच्या गावात नसून त्यांच्या आईच्या माहेरी असू शकते. घर नाशिकला, गाव सिन्नर तालुक्यात आणि नोंद निफाडच्या एखाद्या गावात, असा प्रकार सर्रास. जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडतात. त्यात बऱ्याचदा मुलाचे नाव नसतेच. ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढेच असते आणि ते मोडीतही असू शकते. शहरातल्या जन्मासाठी राजीव गांधी भवनातला महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. पण नाशिक महापालिका १९८२ ची. त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा वेगळ्या नगरपालिका होत्या, तेव्हा जुने रजिस्टर कोणत्या भागाचे ते विचारून घ्यावे. देवळाली कॅम्पात जन्म असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड.

नोंद सापडली नाही तर ‘नोंद आढळत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला त्याच कार्यालयाकडून घ्यावा लागतो. त्यात व्यक्तीचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, जन्मतारीख आणि जन्मस्थळ यायला हवे. नुसते ‘सदर इसमाची नोंद नाही’ हे चालत नाही. त्याला जोड म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रे. प्रतिज्ञापत्र करणारा माणूस अर्जदाराहून वडीलधारा आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असणारा हवा. त्याचे अर्जदाराशी नाते, माहिती कशी आहे, जन्माची तारीख, गाव आणि मातापित्यांची नावे, हे सगळे मजकुरात हवे. सत्तरीच्या वडिलांसाठी ऐंशीची आत्या शोधायची म्हणजे हे काम उद्यावर टाकण्याचे नाही.

यातच ‘एक जून’ येतो. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, तीच पासपोर्टवर गेली, आणि कोतवाल बुकात निघाली भाद्रपदातली दुसरीच तारीख. अशा वेळी एजंट तारीख दुरुस्तीचा सल्ला देतात आणि पासपोर्ट, आधार, पॅनकार्ड सगळे हलवून ठेवतात. त्यापेक्षा पासपोर्टवरचीच तारीख सर्वत्र कायम ठेवावी, फरक का पडला हे प्रतिज्ञापत्रात साध्या शब्दांत लिहावे आणि जुना कागद लपवू नये.

नावांचा घोळ याहून मोठा. पासपोर्टवर ‘सुमनबाई’, मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘सुमन’, विवाहाच्या दाखल्यावर माहेरचे ‘यमुना’. लग्नात पहिले नावही बदलण्याची आपली पद्धत अमेरिकन अधिकाऱ्याला माहीत असेलच असे धरू नये. डीएस-२६० मध्ये, म्हणजे इमिग्रंट व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, ‘वापरलेली इतर नावे’ हा रकाना आहे, तिथे माहेरचे नाव, हाकेचे नव्हे तर कागदावरचे, आणि प्रत्येक वेगळे स्पेलिंग भरावे. सोबत एकाच व्यक्तीची ही नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र. राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर उत्तम. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर व्हिसावर विचित्र नाव छापून येते आणि तिकडे प्रत्येक खिडकीवर त्याचा खुलासा करत बसावे लागते.

विवाहाचा दाखला पन्नास वर्षांनी काढता येतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नमुना ‘ड’ भरून नोंदणी आणि नमुना ‘ई’ मध्ये प्रमाणपत्र मिळते. शहरात महापालिकेचे विभागीय कार्यालय, गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवक. तीन साक्षीदार, असल्यास लग्नपत्रिका, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची माहिती लागते. भटजी आता हयात नसणारच, तसे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आईवडिलांपैकी एकजण हयात नसेल तर विवाहदाखल्यासोबत मृत्यूचा दाखलाही ठेवावा.

एजंटाला पैसे द्यायचेच असतील तर या दाखल्यांच्या धावपळीसाठी द्यावेत. तहसीलमधला अभिलेख कक्ष माहीत असणारा, अर्जाला पोच घेणारा, मोडी वाचणारा गाठून देणारा माणूस हाच कामाचा. गंमत अशी की पॅकेजाच्या पत्रकात हे काम ‘कागदपत्रे अर्जदाराने आणून द्यावीत’ या एका ओळीत उरकलेले असते.

पोलिस क्लिअरन्सबाबत फसगत ठरलेली. नाशिक पोलिस आयुक्तालयाकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, आणि व्हिसासाठी लागणारे पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, वेगळे. ते पासपोर्ट कार्यालयच देते. पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर अर्ज, ५०० रुपये फी आणि पासपोर्ट सेवा केंद्रात प्रत्यक्ष हजेरी. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणे शहरात असेल तर शहर पोलिस की ग्रामीण पोलिस असा फेरा पडतो, म्हणून सध्याच्या पत्त्याचा पुरावा पक्का ठेवावा. एनव्हीसीच्या लेखी हे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. फाइलच्या पहिल्याच महिन्यात काढून ठेवले तर ते मुलाखतीआधी शिळे होऊ शकते. आखातात किंवा अन्यत्र वर्षभराहून जास्त राहणे झाले असेल तर त्या देशाचेही प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवायला वेळ जातो.

भाषांतर आणि नोटरी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषी असेल तर भाषांतराची गरजच नाही. फक्त मराठीत असलेल्या शाळेच्या दाखल्याला किंवा कोतवाल बुकाच्या उताऱ्याला इंग्रजी भाषांतर हवे, आणि त्याखाली भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे, आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सही-तारखेसह निवेदन. प्रत्येक पानावर नोटरीचा लाल शिक्का मारून पानागणिक पैसे घेणे हा धंद्याचा भाग. नोटरी प्रतिज्ञापत्रांनाच लागते.

आर्थिक हमीपत्र, म्हणजे आय-८६४, एजंटाच्या हाती देऊच नये. हे अमेरिकेतल्या मुलाच्या करांचे कागद आहेत. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवे, आणि कुटुंब मोजताना मुलगा, सून, दोन नातवंडे, आई आणि वडील असे सहा धरले तर २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ५३,९३७ डॉलर. चारांसाठी ४०,१८७. तक्ता दरवर्षी बदलतो. एकट्याचे कमी पडत असेल तर त्याच घरातल्या सुनेचे उत्पन्न आय-८६४ए भरून जोडता येते, किंवा दुसरा जोडहमीदार घेता येतो. मालमत्ता दाखवायची तर तूट जेवढी, त्याच्या पाचपट. नाशिकमधला वडिलांचा फ्लॅट दाखवून प्रश्न सुटेल असे काही एजंट सांगतात, पण हमी मुख्यतः स्पॉन्सरच्या चालू उत्पन्नावर पाहिली जाते. कर विवरणासाठी आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, ट्रान्सक्रिप्ट जोडले तर काम सुटसुटीत होते. फॉर्म परत येण्याची कारणे साधी असतात: सही राहिली, कुटुंबाची संख्या चुकली, जुन्या आवृत्तीचा फॉर्म. आणि ही हमी नुसती औपचारिकता नाही. आईवडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खाती कामाच्या ४० तिमाही जमेपर्यंत, किंवा ते देश कायमचा सोडेपर्यंत ती कायद्याने बांधून ठेवते. सहीआधी सून आणि मुलगा दोघांनी मिळून वाचावी.

एनव्हीसीचे पत्र आले की केस नंबर आणि इनव्हॉइस नंबर मिळतो. मुंबईच्या केसचा नंबर बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. हे दोन नंबर म्हणजे घराची किल्ली. एजंट स्वतःचा ईमेल टाकून खाते चालवतात आणि पुढे भांडण झाले की फाइल अडते. ईमेल मुलाचाच ठेवावा, आणि दर महिन्याला खाते उघडून पाहावे. वर्षभर काहीच हालचाल नसेल तर केस बंद होऊ शकते. डीएस-२६० मध्ये सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते, सर्व अपत्ये, मागच्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमे विचारली जातात. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेल्यांनी लष्करी सेवेचा रकाना नीट भरावा आणि डिस्चार्ज बुक जवळ ठेवावे. पूर्वी टुरिस्ट व्हिसासाठी डीएस-१६० भरला असेल तर त्यात काय लिहिले होते ते आठवावे, कारण दोन्ही अर्ज समोरासमोर ठेवले जाऊ शकतात.

मेडिकल फक्त वकिलातीने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच. नाशिकमध्ये कितीही नामांकित रुग्णालयात केलेली तपासणी चालत नाही, आणि एजंटाच्या ओळखीने फी कमी होत नाही. छातीचा एक्स-रे हा कळीचा मुद्दा. फुप्फुसावर जुना डाग दिसला तर क्षयाच्या तपासणीसाठी तीन दिवस थुंकीचे नमुने, आणि कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याचा, निकाल यायला आठ आठवडे. म्हणून मेडिकल मुलाखतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये. जुना एक्स-रे, क्षयरोगावर उपचार झाले असतील तर त्याचे कागद, मधुमेह-रक्तदाबाची चालू औषधे, लसीकरणाची माहिती सोबत न्यावी. १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना गोवर-गालगुंडाची लस लागत नाही, हे माहीत असले की एक सुई वाचते. व्हिसाची मुदत सहसा मेडिकलच्या तारखेपासून सहा महिने मोजतात, तेव्हा नातवाची मुंज उरकून जायचे असेल तर हिशेब आधी घालावा.

मॉक इंटरव्ह्यू. पॅकेजातली सर्वांत आकर्षक आणि सर्वांत धोक्याची वस्तू. टुरिस्ट व्हिसाच्या तयारीत ‘सहा महिन्यांत परत येणार, इथे घर आहे, शेती आहे, नातेवाईक आहेत’ हे घोकून घेतले जाते, आणि तेच प्रश्नोत्तर इथेही वापरले जाते. इमिग्रंट व्हिसाची मुलाखत नेमकी उलटी. तिथे आईने सवयीने ‘नाही नाही, दिवाळीला मी परत येणार’ म्हटले, तर मग कायमचा व्हिसा कशाला, असा प्रश्न उभा राहतो. खरा हेतू तिकडे राहण्याचा असेल तर तेच सांगावे. नसेल, तर ही फाइलच कशासाठी लावली याचा विचार घरी व्हायला हवा होता.

प्रश्न साधे असतात: तुम्हाला कोणी स्पॉन्सर केले, तो काय करतो, कुठे राहतो, तुम्हाला अपत्ये किती, कोण कुठे असते, लग्न कधी झाले, आधी अमेरिकेला गेला होतात का, किती दिवस राहिलात, व्हिसा कधी नाकारला गेला का. मुलाखत काचेपलीकडच्या अधिकाऱ्याशी, उभ्याने, काही मिनिटांची. मराठी किंवा हिंदीत बोलण्याची सोय मागता येते, आणि ती मागावी. तोडक्यामोडक्या इंग्रजीत ‘यस सर’ म्हणत चुकीचे उत्तर देण्यापेक्षा ते बरे. आईच्या वाट्याचे उत्तर वडिलांनी देऊ नये. आपल्या घरांत ही सवय खोल आहे, तेव्हा सराव करायचाच तर याचा करावा: आईने मुलाच्या शहराचे नाव, त्याची कंपनी आणि नातवंडांची वये कोणाकडे न पाहता सांगायची. एवढ्या सरावाला व्हिडिओ कॉल पुरतो, पैसे लागत नाहीत.

सोबत पासपोर्ट, मुलाखतीचे पत्र, डीएस-२६० ची पावती, दोन इंच बाय दोन इंचाचे फोटो, सर्व दाखल्यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स. मूळ नाशिकला राहिले आणि झेरॉक्स घेऊन गेलो, असे झाले की २२१(जी) ची चिठ्ठी हाती येते. ती कायमचा नकार नसते, राहिलेला कागद आणून द्या एवढाच तिचा अर्थ बहुतेकदा असतो. ती वाचावी, घाबरून एजंटाला वेगळी फी देऊ नये. वर्ष उलटले असेल तर नवीन कर विवरणही फाइलमध्ये ठेवावे.

पॅकेजातली ‘मुंबई ने-आण गाडी’ घेण्यासारखी आहे, पण त्याच दिवसाची नको. वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते, वांद्र्याला पोचेपर्यंत दहा-अकरा होतात. सकाळच्या वेळेला तिचा उपयोग नाही. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्याने कसारा घाट टळतो, पण आमण्यापुढची भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. आदल्या दिवशी जाऊन कुर्ला-सायन भागात मुक्काम हाच रास्त मार्ग. आत मोबाइल नेता येत नाही, तो सोबतच्या माणसाकडे ठेवावा, आणि आईवडिलांकडे त्याचा नंबर कागदावर लिहून द्यावा.

कोणत्याच पॅकेजात नसलेले काम व्हिसा लागल्यावर सुरू होते. बँकेतली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची खाती, करावी लागतात. निफाड-दिंडोरीची बाग नावावर राहू शकते, पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून वाटणी आणि सातबाऱ्यावरची नावे जाण्यापूर्वी बघावीत. ग्रीन कार्डधारकाला जगभरचे उत्पन्न अमेरिकेत दाखवावे लागते, आणि भारतातल्या सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचे वेगळे विवरण भरावे लागते. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, लगेच मिळत नाही. पासष्टी आणि पाच वर्षांचे सलग वास्तव्य झाल्यावरच ते हप्ता भरून घेता येते, तोवर खासगी आरोग्यविम्याचा खर्च मुलाने धरावा. सलग वर्षभर भारतात राहायचे असेल तर निघण्याआधी अमेरिकेतूनच री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे परत प्रवेशाच्या परवान्याचा, अर्ज करावा. आणि नोटप्रेस, एचएएल किंवा जिल्हा परिषदेची पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा, हे बँकेत जाऊन समोरासमोर विचारून घ्यावे.